चाळीत 'इराश्शाइमासे'

महोदय,

गणपतीत आमच्या गिरगावच्या चाळीत शेजारच्या मुलाच्या ऑफिसातले दोघं जपानी पाहुणे आले होते, तर त्यांना बघून जिन्यातली पोरं एकदम ओरडली, 'इराश्शाइमासे!' ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघून शिकलेली ती. पाहुणे हसले खरे, पण जरा गोंधळले, कारण हे दुकानातलं, हॉटेलातलं बोलणं, गिऱ्हाईक आत शिरलं की म्हणायचं, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकाने त्याला उत्तर द्यायचं नसतं, फार तर मान हलवायची. म्हणजे घरी दर्शनाला आलेल्या माणसाला आपण 'बोला शेठ, काय देऊ' म्हटल्यासारखं झालं ना ते!

माझी मुलगी जपानी शिकते म्हणून मला हे थोडंफार कळतं. मंडळाच्या पोरांनी कागदावर 'योकोसो', म्हणजे सुस्वागतम, लिहून लावलं होतं, ते चूक नाही, २००३ साली जपान सरकारने टुरिस्ट बोलवायला मोहीम काढली तिचं घोषवाक्यच 'योकोसो! जपान' होतं. पण घरात बोलवायचं तर 'ओआगारी कुदासाई', म्हणजे सरळ 'वर या'. तिकडे दाराशी चपला काढायची जागा खाली असते आणि घर पायरीभर वर. कोकणात आमची आजी अंगणात उभ्या माणसाला 'ओटीवर या' म्हणायची, तेच की हे! मग पाहुणा आत येताना म्हणणार 'ओजामा शिमासु', म्हणजे तुम्हाला त्रास द्यायला आलोय.

बुलेट ट्रेनचं काम जपानच्या मदतीने चाललंय, मुंबईत अशी माणसं येत राहणारच, तेव्हा बोर्ड रंगवणाऱ्यांनी आणि सत्काराला माइक धरणाऱ्यांनी नेटवरून पहिला सापडेल तो शब्द उचलू नये, कुणा शिकणाऱ्याला विचारावं एवढीच विनंती. आणि ते जमत नसेल तर आपलं 'या, बसा' आहेच की, ते का सोडायचं? आमच्या इथल्या लग्नाच्या हॉलवर तर आता मराठी पाहुण्यांनाही नुसतं वेलकमच दिसतं.

पाहुणे निघाले तेव्हा आईने त्यांना 'जातो नाही, येतो म्हणायचं' असं बजावलं, मुलीने ते जपानीत सांगितलं, तर त्यांना लगेच कळलं, कारण घराबाहेर पडताना तेसुद्धा 'इत्तेकिमासु', जाऊन येतो, असंच म्हणतात. जिन्यावरून खाली जाईपर्यंत दोघांचं 'येतो, येतो' चालू होतं.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई