पेन्शन फंडाची तूट कुणाच्या माथी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची, म्हणजे ‘ईपीएस-९५’ची, किमान पेन्शन वाढवा म्हटलं की दिल्लीहून ठरलेलं उत्तर येतं : फंडात तूट आहे. संसदेत हेच, पीएफ खात्याच्या पत्रातही हेच. ही तूट पाडली कुणी, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हातारे जास्त जगतात आणि जास्त मागतात, असा त्या उत्तराचा अर्थ निघतो. तो मला मान्य नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस आटवून साखर पाडणारा कामगार, होतो. २०१० साली निवृत्त झालो. तेव्हा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून तेरा हजारांच्या वर होता. पेन्शन बसली अठराशेच्या आत, कारण हिशेबाला माझा पगार साडेसहा हजारच धरला. नियमच तसा होता. १९९५ साली योजना सुरू झाली तेव्हा पगाराची मर्यादा ५,००० होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि पुढची तेरा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. मधल्या काळात वेतन करार झाले, पगार वाढले, पण फंडात माणशी महिन्याला ५४१ रुपयेच जात राहिले. हे मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के. सरकारचे १.१६ टक्के, म्हणजे पंचाहत्तर रुपये. एवढ्या भरण्यावर तूट येणार नाही तर काय होणार?

२०१४ मध्ये मर्यादा १५,००० केली. त्याच वेळी शेवटच्या बारा महिन्यांऐवजी साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायला सुरुवात झाली, म्हणजे पेन्शन आपोआप खाली आली. शिवाय पंधरा हजारांच्या वर पगार असलेल्या नव्या कामगाराला पेन्शन योजनेत घेणंच बंद केलं. विहिरीचे झरे स्वतःच बुजवायचे आणि पाणी आटलं म्हणून पिणाऱ्याला दोष द्यायचा, असा हा प्रकार आहे.

योजनेच्या कलम ३२ मध्ये दरवर्षी फंडाचं मूल्यांकन करायची तरतूद आहे. भरणा किंवा लाभ, दोन्ही बदलायचा अधिकार केंद्र सरकारला आहे. त्यातला कोणता वापरला? २००८ मध्ये पेन्शन विकण्याची, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी पैसे घेण्याची, सोय काढली. थोडी कमी पेन्शन घेतली तर पुढे भांडवल परत मिळण्याची सोयही काढली. कात्री लागली ती लाभालाच. सरकारचे १.१६ टक्के होते तिथेच राहिले. २०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीने किमान ३,००० रुपये पेन्शन आणि सरकारचा हिस्सा ८.३३ टक्के करा, असं सुचवलं होतं. कोश्यारी पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले, पण त्यांच्या समितीचा अहवाल बाजूलाच पडला. २०१४ मध्ये किमान पेन्शन ठरली ती १,००० रुपये, तीही महागाई भत्त्याशिवाय.

या तुटीच्या दोषातला दुसरा वाटा कारखानदारांचा. आमच्याकडे हंगाम संपला की बँकेचं मालतारण (साखर तारण ठेवून घेतलेलं कर्ज), पोत्यामागचं टॅगिंग (कर्जफेडीसाठी दर पोत्यामागे होणारी कपात), ऊसबिलं, तोडणी-वाहतूक, हे सगळं आधी. पीएफ सगळ्यात शेवटी. कायदा याच्या उलट सांगतो. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याच्या कलम ११ प्रमाणे हे देणं इतर कर्जांच्या आधी वसूल व्हायला हवं होतं. आमच्या बॉयलर खात्यातल्या एका सहकाऱ्याच्या पगारपत्रकावर दर महिन्याला कपात दिसायची, पीएफच्या पावतीवर मात्र सलग काही वर्षांच्या रकान्यांत शून्य. तो वारल्यावर वहिनींनी पेन्शनचा १०-डी फॉर्म भरला, तर ‘वर्गणी जमा नाही’ असा शेरा मारून तो परत आला. ज्याने पैसे कापले त्याला कुणी हात लावला नाही. या बाईला मात्र कारखान्याचं टाइम ऑफिस (हजेरी-पगाराचं ऑफिस) आणि पीएफ ऑफिस यांच्यात हेलपाटे घालावे लागले. ऑफिसकडे व्याज, दंड, जप्ती हे सगळे अधिकार आहेत. चेअरमन बघून ते वापरले जात असतील तर फंड बुडणारच.

आता आमच्या माणसांबद्दल. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण आयुष्यभर मी लाल बावट्याखाली उभा राहिलो आणि युनियन नसती तर आमचे पगारही वाढले नसते, हे मी जाणतो. पण पीएफचा कारभार बघणाऱ्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर मालकांचे दहा प्रतिनिधी असतात तसे कामगारांचेही दहा असतात. २००८ आणि २०१४ मध्ये आमचे लाभ कापले गेले तेव्हा त्यांनी तिथे काय भूमिका घेतली, ते आमच्यापर्यंत कुणी आणलं नाही. आमच्या गेट मीटिंगला बोनस आणि वेतन करार यावर तासतासभर भाषणं व्हायची. पेन्शनचा विषय निघाला की ‘ते दिल्लीचं काम’ म्हणून पुढारी पुढे जायचे. आज पंचाहत्तर लाखांवर पेन्शनर आहेत. बुलडाण्यात २०१८ च्या डिसेंबरात साखळी उपोषणाला म्हातारी माणसंच बसली. नोकरीतल्या कामगारांच्या संघटना त्यांच्या शेजारी किती दिसल्या?

मर्यादा वाढवली की उद्याचं देणंही वाढतं, हे मला कळतं. म्हणून नुसती मर्यादा वाढवून भागणार नाही, सरकारचा हिस्सा वाढवावा लागेल, आणि मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे वर सरकली पाहिजे. थकबाकीदार कारखान्यांची नावं आणि रकमा पीएफ ऑफिसने दर तिमाहीला वर्तमानपत्रात द्याव्यात. आणि विश्वस्त मंडळावरच्या कामगार प्रतिनिधींनी प्रत्येक बैठकीनंतर आपण कोणत्या ठरावाला हो म्हटलं, कोणत्या ठरावाला विरोध केला, हे लेखी जाहीर करावं. आपल्या वार्ताहराने त्यांना एवढं विचारलं तरी आम्हा पेन्शनरांवर उपकार होतील.

आपला,
एक निवृत्त साखर कामगार
जि. सांगली