जांघेतली प्रत्येक गाठ हर्निया नसते

महोदय,

क्षयरोगाच्या फलकांवर फक्त खोकणारा माणूस दिसतो. क्षय मणक्यालाही होतो आणि तिथला पू कमरेच्या सोआस स्नायूच्या आवरणातून उतरत थेट जांघेत गाठीसारखा येतो. ही गाठ लाल नसते, गरमही लागत नाही, त्यामुळे हर्निया वाटू शकते. रुग्ण मांडी पोटाशी घेऊन पडून राहतो. पाय सरळ केला की कळ येते. बारीक ताप, घटतं वजन याकडे दुर्लक्ष होतं आणि कंबरदुखीवर नुसतं मलम चोळलं जातं, याचं फार वाईट वाटतं. (इतर जंतूंमुळे, विशेषतः मधुमेहींना, असाच गळू जोराच्या तापासह होतो. तिथे थांबणं धोक्याचं.)

सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये पू दिसतो. बहुतेकदा मोठ्या शस्त्रक्रियेविना सुईने वा नळीने तो काढता येतो. मात्र तो फेकू नये, सीबीनॅट (क्षयाचे जंतू ओळखणारी जनुकीय चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) यांसाठी पाठवावा. कोणतं औषध लागू पडेल हे त्यावरून कळतं. मणक्याच्या क्षयाचे उपचार साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतात. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत असून नोव्हेंबर २०२४पासून पोषणासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. आरोग्य विभागाने फलकांवर खोकल्याशेजारी न थांबणारी कंबरदुखीही लिहावी.

– एक वाचक, सोलापूर