चौकडीच्या इरकलीवर खोटे रंग का येतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या इतिहासात कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांचा 1975 चा कॅमेरा आला, पण त्याला रंग दिसतच नव्हते हे राहून गेले. शंभर बाय शंभर, म्हणजे अवघे 10,000 ठिपके (पिक्सेल), तेही कृष्णधवल. एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. रंगांची युक्ती त्याच कंपनीतल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट 1976 चे. शहापूर, खडेबाजारातल्या साडी दुकानदारांची आजची एक डोकेदुखी थेट या युक्तीतून आलेली आहे.

बारीक चौकडीच्या इरकलीचा फोटो काढला की कापडात नसलेले हिरवे-जांभळे लहरी पट्टे उमटतात. फोटोग्राफर त्याला मोअरे म्हणतात. गिऱ्हाइकाला वाटते साडीचा रंग फुटलाय, दुकानदार फोटोग्राफरवर चिडतो आणि फोटोग्राफर लाइटला दोष देतो. लाइटचा काही संबंध नाही.

कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपचा, प्रत्येक ठिपका फक्त उजेड मोजतो. बेयर यांनी प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाचा फिल्टर ठेवला: चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. डोळ्याला बारकावा हिरव्यात जास्त कळतो म्हणून हिरवे दुप्पट. बाकीचे रंग कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. आता हिशेब पाहा. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरून दोन मीटर उंचीचे दृश्य घेतले, तर उंचीला 6000 ठिपके, म्हणजे मिलिमीटरला तीन. गडद आणि फिकट धाग्यांची जोडी एक मिलिमीटरची असेल, तर तिला किमान दोनाहून जास्त ठिपके लागतात; ते आहेत, म्हणून वीण स्पष्ट येते. पण लाल आणि निळे ठिपके एकाआड एक, मिलिमीटरला दीडच. तिथे अंदाज चुकतो आणि खोटे रंग उमटतात.

पूर्वी बहुतेक कॅमेऱ्यांत हे पट्टे टाळायला सेन्सरपुढे प्रतिमा किंचित पुसट करणारा फिल्टर असे. जास्त धारदार फोटोंच्या हव्यासापायी निकॉनने 2012 च्या डी800ई मध्ये त्याचा परिणाम रद्द केला; पुढे बऱ्याच कॅमेऱ्यांतून तो गेलाच.

उपाय सोपे आहेत. निम्मीच साडी चौकटीत घ्या, मिलिमीटरमागे ठिपके दुप्पट मिळतात. तसे जमत नसेल तर कापड कॅमेऱ्याला थोडे तिरके धरा किंवा ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, लहान करून एफ 16 वर न्या. धार थोडी जाते, पट्टेही बहुधा फिके पडतात. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढला असेल तर सॉफ्टवेअरमधल्या मोअरे ब्रशने रंग पुसता येतो, मात्र तो काठावर फिरवू नका, खरा लाल काठही राखाडी पडू शकतो.

आणि फोटोग्राफरला बोलण्याआधी फोटो शंभर टक्के मोठा करून पाहा. तेव्हा पट्टे गायब झाले, तर ते फोटोत नाहीतच, स्क्रीनवर लहान करताना पडलेत. व्हॉट्सॲपवर फोटो लहान होतो तेव्हाही हेच घडते; तिथे तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव