ड्रोनचा नियम वाकवायचा तर फक्त खाली उतरण्यासाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की शहरातल्या ड्रोनचालकांत एक प्रश्न हमखास निघतो. वरात दारात आली आहे, गिऱ्हाईक अडून बसले आहे, परवानगी आलेली नाही. पाच मिनिटे ड्रोन वर नेला तर बिघडले कुठे? रस्त्याच्या मोजणीत, सौर पॅनेलच्या तपासणीत, बिल्डरच्या जाहिरातीच्या चित्रीकरणात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. पोटासाठी ड्रोन उडवणाऱ्याने हवाई हद्दीचा नियम कधी वाकवावा का, यावर माझे उत्तर ठाम आहे. उड्डाण सुरू असताना कोणाचा जीव धोक्यात आला तर वाकवावा, आणि तोही ड्रोन खाली आणण्यासाठी. बाकी कशासाठीही नाही.

ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आले आणि आधीच्या नियमांच्या मानाने ते बरेच सैल आहेत. सरकारी हवाई नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, उड्डाणाला कोणाची परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर होते. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र जमिनीपासूनच पिवळे क्षेत्र सुरू होते आणि तिथे एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, पूर्वपरवानगी लागते. ५ किलोमीटरच्या आत लाल क्षेत्र, तिथे केंद्र सरकारची. नागपूरची खरी अडचण ही की विमानतळ सोनेगावला, शहराला खेटून आहे. धंतोली, सीताबर्डी, दीक्षाभूमी, अंबाझरी, महाल, सगळे त्या आठ किलोमीटरांत येते. वर्धा मार्गावरच्या लॉनबद्दल तर बोलायलाच नको. तिथे ड्रोन दहा फूट उचलला तरी परवानगी हवी. ‘माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे, मला काही लागत नाही’ हे सर्रास ऐकू येते आणि ते चूक आहे. नॅनो ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र आणि विमा यांतून सूट आहे, पिवळ्या-लाल क्षेत्रांतून नाही.

हे आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत. तीन अंशांच्या उतारावरून येणारे प्रवासी विमान धावपट्टीच्या टोकापासून दोन किलोमीटरवर असताना जमिनीपासून जेमतेम १२० मीटर उंच असते. आपल्या धावपट्टीची टोके वायव्येला आणि आग्नेयेला आहेत. त्या रेषेत, टोकाजवळ, ‘फक्त शंभर मीटर’ उडवलेला ड्रोन विमानाच्या वाटेत असतो. हेलिकॉप्टर तर याहून खाली येते. त्याचा वेग ताशी २०० किलोमीटर धरा. दोन किलोमीटरवर ते दिसले तर तुमच्यापर्यंत यायला सुमारे ३६ सेकंद लागतात. साधा कॅमेरा ड्रोन सेकंदाला तीन ते पाच मीटर उतरतो. म्हणजे १२० मीटरवरून उतरायला अर्धे मिनिट जाते, ६० मीटरवरून पंधरा सेकंद. डीजे वाजत असताना हेलिकॉप्टर दोन किलोमीटरवर ऐकू येईल, ही आशाही सोडा. ६० मीटरची मर्यादा पाळणाऱ्याच्या हातात थोडा वेळ उरतो, ‘थोडेसे वर’ गेलेल्याच्या हातात काही उरत नाही.

पुष्कळदा नियम मोडतो तो चालकाच्या नकळत, आणि थोडी ढिलाई चालते असे मानणारा नेमका इथेच फसतो. पडद्यावर दिसणारी उंची ड्रोनखालच्या जमिनीपासून मोजलेली नसते, उड्डाण जिथून केले त्या बिंदूपासून मोजलेली असते. पंधरा मजली इमारतीच्या गच्चीवरून ड्रोन उडवला आणि पडदा ६० मीटर दाखवत असेल, तर रस्त्यापासून तो शंभराच्या पुढे गेलेला आहे. दुसरी गोष्ट ‘रिटर्न टू होम’ची. सिग्नल तुटला की ड्रोन आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि मग परत येतो. काही ड्रोनमध्ये ही उंची १०० मीटरवर ठेवलेली असते. ६० मीटरच्या पट्ट्यात ती न बदलता उडवले, तर सिग्नल जाताच यंत्र आपणहून मर्यादा ओलांडते आणि त्या क्षणी चालकाच्या हातात काहीच नसते. उड्डाणापूर्वी ही उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा इमारतीपेक्षा थोडी वर, पण मर्यादेच्या आत ठेवावी. दोन्ही जमत नसेल तर जागा बदलावी.

नागपूरच्या हवेचे वेगळेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो आणि पुष्कळ कॅमेरा ड्रोनची शिफारस केलेली मर्यादा ४० अंश असते. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून १,०३३ फूट; ४५ अंशांना इथली हवा सुमारे ४,८०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ वागते. तरंगत राहायला मोटारी जास्त करंट ओढतात, बॅटरी तापते आणि माहितीपत्रकातली तीस मिनिटे प्रत्यक्षात मिळत नाहीत. परतीसाठी ३० टक्के चार्ज राखून ठेवला नाही तर ड्रोन वाटेत, जिथे असेल तिथे उतरायला लागतो, आणि खाली वर्धा मार्ग किंवा मेट्रोची २५ किलोव्होल्टची तार असू शकते. संक्रांतीच्या आठवड्यात मांजा. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक पंखा नायलॉन मांजात अडकून थांबला की तो सावरत नाही, पडतो. मंडपाचे लोखंड आणि एलईडी भिंत यांच्याजवळ कंपास बिघडतो आणि ड्रोन एका बाजूला वाहत जातो. गर्दीच्या डोक्यावर उड्डाण करूच नये ते यासाठी.

दूरवर ड्रोन सोडण्याचे काय होते ते ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळ दिसले. वणवा विझवणाऱ्या विमानाला एक ड्रोन धडकला, पंखाला भोक पडले आणि ऐन वणव्यात ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर बसले. ड्रोन उडवणाऱ्याने तो पार्किंग इमारतीच्या वरच्या मजल्यावरून अडीच किलोमीटरहून दूर नेला होता आणि तो त्याच्या नजरेआड गेला होता. नुकसान कुठे झाले ते बघायचे, एवढाच हेतू. आपल्याकडे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा वेळी ‘लोकांच्या मदतीसाठी परवानगी कसली?’ हा युक्तिवाद सर्वांत पटतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. आकाशात अनोळखी ड्रोन आहे म्हटल्यावर बचावाचे हेलिकॉप्टर खाली येणार नाही. मदत करायची असेल तर आपले यंत्र, प्रमाणपत्र आणि बॅटऱ्या घेऊन पोलिस नियंत्रण कक्षाला किंवा महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाला कळवावे आणि ते सांगतील तिथे, तेवढ्याच उंचीवर उडवावे.

मग माझा अपवाद कोणता? अमेरिकेच्या ड्रोन नियमांच्या भाग १०७ मध्ये तो नीट मांडला आहे: उड्डाण सुरू असताना तातडीचे संकट आले, तर त्याला तोंड देण्यापुरते नियमाबाहेर जाता येते. संकट उड्डाणात आलेले हवे, उड्डाणाआधी ठरवलेले नव्हे. आपल्या नियमांतही माणसे असलेल्या विमानाला वाट देणे ड्रोनचालकावर बंधनकारक आहे. हेलिकॉप्टर अचानक आले आणि खाली शाळेचे मैदान असेल, तर विचारत बसू नका. मैदान रिकामे असेल तिथे उतरवा आणि मग मुख्याध्यापकांना भेटून माफी मागा. अपघात झाला तर ४८ तासांत ‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरून डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) कळवणे बंधनकारक आहे. ते टाळू नका.

गिऱ्हाइकाच्या दबावावर उपाय दरपत्रकात आहे. ‘हवाई चित्रीकरण परवानगी मिळाल्यास, न मिळाल्यास क्रेन कॅमेरा किंवा उंच दांड्यावरचा कॅमेरा’ ही ओळ आगाऊ रक्कम घेण्याआधी लिहून द्यावी. आठ-दहा मीटरचा दांडा लॉनमधल्या निम्म्या दृश्यांना पुरतो. बेकायदा उड्डाणात झालेले नुकसान बहुतेक विमा पॉलिसींतून वगळलेले असते, आणि नियमभंगाचा दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. हवाई क्षेत्रांचा सरकारी नकाशा उड्डाणाच्या दिवशी पुन्हा पाहावा. काल हिरवी असलेली जागा आज तशीच असेल असे नाही, कारण पोलिस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याला एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करता येते. हिवाळी अधिवेशन आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास हे विशेष लक्षात ठेवावे. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांत फवारणी करणाऱ्यांना हा त्रास फारसा नाही. ते विमानतळापासून दूर आणि झाडांपासून दोन-तीन मीटरवर उडतात.

चालकांकडून एवढे मागताना व्यवस्थेकडूनही काही मागायलाच हवे. परवानगी वेळेत मिळत नाही असे वाटले की माणसे ती मागणेच सोडतात. अमेरिकेत २०१८ पासून विमानतळाभोवतीचा परिसर चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाची सुरक्षित उंची आधीच ठरवली आहे. त्या उंचीखालच्या अर्जाला यंत्रणा काही मिनिटांत होकार देते. नागपुरात महाल किंवा सदरसारख्या भागात, धावपट्टीच्या रेषेपासून दूर, ३० मीटरपर्यंतची परवानगी अशी ताबडतोब देणे अशक्य नाही. दोन्ही टोकांच्या रेषेत शून्य, बाजूला जसजसे दूर जाल तसतशी उंची वाढत जाईल, असा नकाशा एटीसी आणि शहर पोलिसांनी मिळून करावा. तो मराठीत छापून लॉन मालकांना, छायाचित्रकारांच्या संघटनांना आणि प्रत्येक पोलिस ठाण्याला द्यावा. येत्या लग्नसराईआधी किमान वर्धा मार्गापुरता तरी तो निघावा, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करतो.

आपला,
एक ड्रोन प्रशिक्षक,
प्रतापनगर, नागपूर