मॅडम, त्या कोमट पाण्यासाठी थँक्यू

डॉक्टर मॅडम, काल रात्री मी उजव्या बाजूने चावून जेवले. दोन वर्षांनी. आणि गंमत म्हणजे ताट उचलताना लक्षात आलं, चावताना त्या दाढेची आठवणसुद्धा आली नाही, मग राहवेना म्हणून लिहायला बसले.

आधी ज्यांच्याकडे जात होते त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी सिमेंट भरलं, वर्षभरात कडेने फट पडली आणि आत परत कीड. दाखवायला गेले तर मोबाईलमध्ये बघत बघतच, रूट कॅनल करा नाहीतर काढून टाका. परत कीड का लागली विचारलं तर म्हणे नीट ब्रश करत नसाल. झालं! म्हणजे दुखणं पण माझं आणि दोष पण माझाच.

तुम्ही एक्स-रे माझ्यासमोर धरून दाखवलंत की कीड आणि नस यांच्यामध्ये अजून जागा आहे. मऊ झालेलं सगळंच खरवडायचं नसतं, वरचा सडलेला भाग काढायचा, पण खालचा थर फक्त खनिजं गेल्यामुळे नरम पडलेला असतो, त्याची कोलेजनची, म्हणजे प्रथिनाच्या धाग्यांची, जाळी शाबूत असेल तर कॅल्शियम-फॉस्फेट त्यात परत बसू शकतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. जुनी फट का पडली असेल तेही सांगितलंत. फिलिंगआधी ऍसिड लावल्यावर ही जाळी उघडी पडते, बॉण्ड, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारा थर, तिच्यात पूर्ण मुरला नाही की मोकळ्या राहिलेल्या जागेत पाणी साचतं आणि दातातलीच एन्झाइम्स ती जाळी कुरतडत बसतात. म्हणून यावेळी खनिजं सोडणारा बॉण्ड. वर हेही बजावलंत की यातून खड्डा भरून येत नाही, तो भरायला फिलिंगच लागतं, आणि लॅबमध्ये जे छान दिसतं ते तोंडात तसंच होईल याची गॅरंटी मी देणार नाही, बघत राहू. उलट त्यामुळेच माझा विश्वास बसला, खरं सांगते.

पण मला आभार मानायचेत ते थर्मासचे. पहिल्या दिवशी तुम्ही दाढेवर पाण्याचा फवारा मारलात आणि मी खुर्चीत अक्षरशः उडाले, तुम्ही सॉरी म्हणालात, एवढंच. पुढच्या वेळी आले तर चूळ भरायच्या ग्लासशेजारी एक छोटा निळा थर्मास, झाकणाला चरा गेलेला, बहुतेक तुमचा घरचाच. त्यातलं पाणी ग्लासात ओतलंत, ग्लासला बाहेरून बोटाची मागची बाजू लावून बघितलीत, बाळाची बाटली बघतात ना तशी, आणि काही न बोलता माझ्या हातात दिलंत. मला एकदम रडूच आलं, तुम्हाला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं हो. आठ दिवसांपूर्वी मी दचकले होते हे कुणीतरी लक्षात ठेवलं होतं, बस. डिग्र्या भिंतीवर सगळ्यांच्याच असतात, पण समोरचा माणूस दचकला हे दिसायला मान वर करावी लागते आणि तेवढंसुद्धा किती जणांना जमत नाही.

आज सकाळी मुद्दाम गार पाणी पिऊन बघितलं, काही झालं नाही. तरी चेकअपला येईन तेव्हा थर्मास असू द्या.