राखीव सैन्यात जाण्याविषयी आई-बाबांना

टोरोंटो

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी कॅनडाच्या राखीव सैन्यात भरतीसाठी अर्ज करायचे ठरवले आहे. ही गोष्ट फोनवर सांगितली असती, तर पहिल्याच वाक्याला आईने फोन बाबांकडे दिला असता आणि बाबांनी एका दमात दहा प्रश्न विचारले असते. म्हणून ती सविस्तर लिहून कळवते आहे. तुम्ही दोघांनी हे पत्र सावकाश वाचावे आणि मगच मला फोन करावा, एवढी विनंती.

सर्वांत आधी, मी बँकेतली नोकरी सोडत नाही. बाबांना आपल्याकडची टेरिटोरियल आर्मी ठाऊक आहे. मूळ कल्पना तीच, की माणसाने आपला व्यवसाय सांभाळावा आणि ठरलेला काळ सैन्याला द्यावा. इथे साधारणपणे आठवड्यातून एक संध्याकाळ आणि महिन्यातून एखाद-दुसरा शनिवार-रविवार तुकडीत हजेरी लावायची असते आणि उन्हाळ्यात काही आठवडे पूर्णवेळ प्रशिक्षण असते. प्रशिक्षण किंवा कामगिरी लांबली, तर रजेचाही प्रश्न कायद्याने सोडवलेला आहे. बँका इथे केंद्राच्या कामगार कायद्याखाली येतात आणि त्या कायद्यानुसार तीन महिने नोकरी झालेल्या राखीव सैनिकाला साठ महिन्यांच्या काळात चोवीस महिन्यांपर्यंत विनावेतन रजा मिळू शकते, तिच्यानंतर नोकरीवर परत घ्यावे लागते. भरतीच्या वेळी शारीरिक चाचणी असते. तिच्या एका भागात वीस किलोची वाळूची पिशवी साडेतीन मिनिटांच्या आत तीस वेळा उचलायची असते. आईला हे वाचून हसू येईल, पण माझा सराव चालू आहे.

मी अजून इथली नागरिक नाही, नुसती पीआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी असलेली रहिवासी आहे, मग मला सैन्यात घेतात कसे, असा बाबांचा प्रश्न असणार. नोव्हेंबर २०२२ पर्यंत घेत नव्हते. अपवाद होता तो परदेशी सैन्यांत आधीच तयार झालेल्या मोजक्या कुशल लोकांचा. त्या महिन्यात सरकारने सर्व पीआरधारकांना अर्ज करण्याची मुभा दिली. यात औदार्य किती आणि गरज किती, याबद्दल माझ्या मनात भ्रम नाही: सैन्याला माणसे कमी पडत होती आणि या देशाच्या लोकसंख्येत पडणारी भर मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांची आहे. नागरिकत्व लवकर मिळावे म्हणून मी हे करते आहे, असेही कुणी म्हणेल. तसे नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहिलेले असावे लागते आणि ती अट मी साधी नोकरी करूनही पुरी करू शकते.

या व्यवस्थेत एक विसंगती आहे आणि ती मला खटकते. पीआरधारकाला इथे मत देता येत नाही, ओंटारियोत ज्यूरीत बसता येत नाही, पण गणवेश मात्र घालता येतो. ही तऱ्हा नवी नाही. पंजाबातून १९०७ मध्ये, कोवळ्या वयात, ब्रिटिश कोलंबियात आलेला बुक्कम सिंग नावाचा तरुण १९१५ मध्ये कॅनडाच्या सैन्यात भरती झाला, फ्लँडर्सच्या आघाडीवर दोनदा जखमी झाला आणि १९१९ मध्ये क्षयाने वारला. ओंटारियोतील किचनर गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. ज्या प्रांतात तो प्रथम उतरला, तिथे भारतीयांना मतदानाचा हक्क १९४७ साली मिळाला. म्हणजे हा देश आपल्या माणसांचे रक्त आधी घेतो आणि मत नंतर विचारतो, असे कडवटपणे म्हणता येईल, आणि ते अगदीच खोटे ठरणार नाही.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे आणि माझ्या निर्णयात तिचा वाटा मोठा आहे. मे १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आले. बहुतेक शीख, काही मुसलमान आणि हिंदू, आणि सारे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. तरीही दोन महिने त्यांना पाण्यातच अडवून ठेवले, थोड्यांना तेवढे उतरू दिले आणि २३ जुलैला नौदलाच्या जहाजाच्या धाकाने उरलेल्यांना परत पाठवले. त्या जबरदस्तीत व्हँकुव्हरच्या ज्या स्थानिक पलटणीचा सहभाग होता, त्याच पलटणीत, म्हणजे आजच्या ब्रिटिश कोलंबिया रेजिमेंटमध्ये, हरजीत सज्जन १९८९ साली राखीव सैनिक म्हणून दाखल झाले. ते पंजाबात जन्मलेले आणि पाचव्या वर्षी इथे आलेले. पोटासाठी व्हँकुव्हरच्या पोलिसांत नोकरी, राखीव सैनिक म्हणून बोस्निया आणि अफगाणिस्तान, २०११ मध्ये त्या पलटणीचे नेतृत्व आणि २०१५ मध्ये देशाचे संरक्षणमंत्रिपद, असा त्यांचा प्रवास आहे. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान ट्रूडो यांनी ‘कोमागाटा मारू’बद्दल संसदेत माफी मागितली, तेव्हा या पलटणीचा हा योगायोग त्यांनी स्वतः बोलून दाखवला. सज्जन यांच्या राजकारणाबद्दल बाबांचे मत मला माहीत आहे आणि त्या वादात मी इथे शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की ज्या संस्थेने आपल्या लोकांना दारातून हाकलले, ती बदलली, आणि तिच्या आत शिरून वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांचा तो बदल घडवण्यात हात होता. बाहेर उभे राहून तक्रार करण्यापेक्षा मला तो मार्ग अधिक पटतो.

सैन्य म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर सीमा आणि गोळीबार येणार, हे साहजिक आहे. मात्र इथल्या राखीव सैनिकाच्या वाट्याला पुष्कळदा वेगळेच काम येते. २०२० च्या वसंतात करोनामुळे क्वेबेक आणि ओंटारियोतील कित्येक वृद्धाश्रमांत कर्मचारीच उरले नव्हते. काही आजारी पडले होते, काही भीतीने येईनासे झाले होते. तेव्हा सरकारने तिथे सैनिक पाठवले. वृद्धांना भरवणे, त्यांचे कपडे बदलणे, खोल्या स्वच्छ करणे ही कामे गणवेशातल्या मुलामुलींनी केली, आणि ओंटारियोतील काही आश्रमांत त्यांनी जी अनास्था पाहिली, तिचा अहवाल लिहून वर पाठवला. तो मे महिन्यात प्रसिद्ध झाला, तेव्हा साऱ्या देशाला लाज वाटली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील पूर, सप्टेंबर २०२२ मध्ये पूर्व किनाऱ्यावरचे फियोना वादळ, २०२३ च्या उन्हाळ्यातील वणवे, या प्रत्येक वेळी सैन्य मदतीला गेले. तुम्ही दोघे सत्तरीच्या घरात आहात आणि मी इतकी दूर आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर कुणीतरी परक्याचा मुलगा किंवा मुलगीच धावून येणार, हे मी जाणून आहे. तसे कुणासाठी तरी मी इथे जावे, असे मला वाटते.

धोका नाही असे मात्र मी म्हणणार नाही. परदेशातील मोहिमेवर राखीव सैनिक सामान्यतः स्वेच्छेनेच जातो. परंतु आणीबाणीत सरकार त्याला सक्तीने सेवेवर बोलावू शकते, अशी तरतूद कायद्यात आहे. अफगाणिस्तानात कॅनडाचे १५८ सैनिक मृत्युमुखी पडले आणि त्यांत राखीव सैनिकही होते. २२ ऑक्टोबर २०१४ रोजी ओटावातील राष्ट्रीय युद्धस्मारकापाशी पहाऱ्यावर उभ्या असलेल्या कॉर्पोरल नेथन सिरिलो याला एका हल्लेखोराने गोळ्या घातल्या. तोही राखीव सैनिकच होता आणि त्याच्या हातातली बंदूक रिकामी होती. मी संदेशवहनाच्या शाखेत जागा मागणार आहे, कारण माझे रोजचे काम त्याच्या जवळचे आहे. पण शाखा कोणतीही असली तरी सैनिक हा सैनिकच, हे मी धरून चालले आहे.

आईची खरी काळजी निराळी असेल आणि ती रास्त आहे. इथे पाणबुडी वगळता सर्व लढाऊ कामे स्त्रियांना १९८९ पासून खुली आहेत, पाणबुड्यांचे दारही पुढे उघडले, आणि जुलै २०२४ मध्ये जेनी कॅरिन्यान या देशाच्या पहिल्या स्त्री सेनाप्रमुख झाल्या. तरीही याच सैन्यातील लैंगिक गैरवर्तनावर सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्ती मारी देशाँ यांना २०१५ मध्ये आणि लुईज आर्बर यांना २०२२ मध्ये कठोर अहवाल लिहावे लागले. आर्बर यांनी तर असे गुन्हे सैनिकी न्यायव्यवस्थेकडून काढून नागरी यंत्रणेकडे द्यावेत, अशी शिफारस केली. या दोन्ही अहवालांविषयी मी वाचले आहे, आणि तुकडी निवडण्याआधी तिथल्या स्त्रियांशी बोलून घेणार आहे.

भरतीच्या वेळी राजे तिसरे चार्ल्स यांच्याशी निष्ठा ठेवण्याची शपथ घ्यावी लागते. देवाचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची सोय आहे, पण राजा दोन्हींत आहेच. बाबांना हे रुचणार नाही आणि मलाही ते उच्चारताना अवघड जाईल. मात्र शपथ घेतल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. ते जाते दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारल्यावर. आणि या देशात राजा ही राज्यघटनेची एक खूण आहे, हुकूम देणारा मालक नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढता लढता पडले, तेव्हा तेही याच राजघराण्याच्या शपथेला बांधलेले होते, आणि त्यांच्या शौर्याचा अभिमान बाळगताना आपण त्या शपथेला अडखळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे, कारण याचा संबंध थेट तुमच्याशी आहे. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना व्हिसाविना भारतात ये-जा करू देणारे कार्ड, मिळत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. राखीव सैनिकाला त्यातून सूट मिळेल, असे मी गृहीत धरणार नाही. याचा अर्थ असा, की उद्या मी कॅनडाचे नागरिकत्व घेतले, तर तुम्हाला भेटायला येताना प्रत्येक वेळी व्हिसा लागेल. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही सरकारांचे बिनसले, तेव्हा कॅनडाच्या नागरिकांना भारतीय व्हिसा देणे काही आठवडे बंद होते. ओसीआय असलेले लोक मात्र विनाअडथळा ये-जा करत होते. अशा वेळी तुमच्यापैकी कुणी आजारी असेल आणि मी इथे व्हिसाची वाट पाहत बसले असेन, ही कल्पना मला सहन होत नाही. म्हणून मी नागरिकत्वाचा अर्ज करणार नाही आणि भारतीय पासपोर्टच ठेवीन. पाच वर्षांत ७३० दिवस इथे राहिले की पीआर टिकते, तेव्हा त्यात व्यवहाराची अडचण नाही. मतदानाचा हक्क दूर जाईल, एवढीच किंमत, आणि ती मी विचार करून स्वीकारते आहे.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. सुरक्षा तपासणीच्या अर्जात आईवडिलांचीही माहिती विचारतात आणि बाहेरून आलेल्यांची तपासणी लांबते, म्हणून ती आरंभीच अचूक दिलेली बरी. आईचे लग्नाआधीचे पूर्ण नाव, दोघांच्या जन्मतारखा आणि जन्मगावे पासपोर्टवर आहेत तशीच, आणि बाबांनी कोणत्या खात्यात कधीपासून कधीपर्यंत नोकरी केली, एवढे एका कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवा. दुसरी गोष्ट म्हणजे तुमचे मत. सोळा वर्षांच्या अर्जदाराला इथे पालकांची लेखी संमती लागते. माझ्या वयाला ती लागत नाही आणि मी ती मागतही नाही, पण तुमचा आक्षेप असेल तर तो नेमका कशाला आहे, शपथेला, धोक्याला की ओसीआयच्या अडचणीला, हे मला कळले पाहिजे. तो कळेपर्यंत मी अर्ज भरून ठेवीन, पाठवणार नाही.

तुमची,
मृणाल