ओवी म्हणजे दार

तांपेरे, फिनलंड

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

परवा नावाचा विषय निघाला आणि तू गप्प झालीस, तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तू सुचवलेली नावं मी रोमन लिपीत लिहून शेजारच्या आजींना वाचायला दिली होती. फिनिश लोक 'जे' या अक्षराचा उच्चार 'य' करतात. जुईची झाली 'युई', जान्हवीची 'यानहावी'. शर्वरीपाशी तर त्या अडखळल्याच. पोरीला जन्मभर स्वतःचं नाव दुरुस्त करत बसायला लागू नये गं, एवढंच मला वाटतं. 'ओवी' मात्र त्यांनी एका दमात वाचलं. जरा आखूड, पण ओवीच. आणि हसून आमच्या दाराकडे बोट दाखवलं. फिनिशमध्ये ओवी म्हणजे दार!

"दार हे काय नाव झालं? शाळेत पोरं चिडवतील," असं तू म्हणालीस. मीही त्या दिवशी ते खोडलंच होतं. पण रात्री तिला पाजताना आजी आठवली, जात्याचा खुंटा धरून 'पहिली माझी ओवी' म्हणणारी. मग मुक्ताई आठवली. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबा दार लावून बसले, तेव्हा त्या एवढ्याशा बहिणीनेच त्यांना ताटी उघडायला विनवलं. ताटी म्हणजे दारच की, आई! शिवाय पत्रिका पाहून रोहिणीचा पहिला चरण, अक्षर 'ओ', हे तूच तर सांगितलंस.

घाई नाही. इथे नाव नोंदवायला जन्मापासून तीन महिने मिळतात. आणि नाव ठेवण्याच्या समारंभापर्यंत ते कुणाला सांगायचं नाही, अशी इथली जुनी रीत आहे. तपासणीला जातो तिथली नर्ससुद्धा तिला अजून नुसतं 'वाउवा' म्हणते, म्हणजे बाळ. तुम्ही दोघं आलात की बारसं करू, आत्या व्हिडिओ कॉलवरून कुर्र करेल. पण तू मनापासून हो म्हटल्याशिवाय मी कागद भरणार नाही.

येताना आजीच्या ओव्या वहीत उतरवून आण. मला पहिल्या दोनच येतात, आणि त्या म्हणून संपल्या तरी ही झोपत नाही.

बाबांना नमस्कार.

तुझी लेक